गेममध्ये ‘लालपरी’ धावते, पण तिच्यासोबत फोनमध्ये काय शिरते? लिव्हरी, मॉड आणि ‘मॉड एपीके’ यांतला फरक समजून घ्या

जकार्ताच्या रस्त्यावर एसटीची लालपरी धावते आहे आणि पाटीवर लिहिले आहे ‘गंगाखेड–परभणी’. मोबाइल गेममध्ये हे सहज शक्य आहे. गंगाखेडला एसटीचे आगार आहे, त्यामुळे रोज समोर दिसणारी बस आपल्या फोनमध्येही धावावी, असे एखाद्या मुलाला वाटले तर नवल नाही. त्यासाठी कोडिंग यावे लागत नाही, संगणकही लागत नाही. अडचण वेगळीच आहे. ज्या फोनवर हा छंद जोपासला जातो, तो बहुतेक घरांत वडिलांचा किंवा आईचा असतो. त्याच फोनवर बँकेचे एसएमएस येतात, यूपीआय चालते. म्हणूनच आपण डाउनलोड करतो ती फाइल नेमकी कोणती, हे मुलांना आणि पालकांनाही ओळखता यायला हवे.

गेम इंडोनेशियाचा, बस महाराष्ट्राची, हे कसे?

‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा गेम मालेओ या इंडोनेशियन कंपनीने २०१७ मध्ये आणला. खेळाडू त्याला ‘बुसिड’ म्हणतात. प्ले स्टोअरवर तो १० कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झाला आहे. गेम मोफत आहे आणि इंटरनेट नसतानाही खेळता येतो.

भारतात तो रुजण्यामागे एक साधे कारणही असावे. इंडोनेशियातही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. त्यामुळे आपल्याकडची बस तिथल्या रस्त्यावर आणली, तरी चालवताना काही खटकत नाही.

खरे आकर्षण मात्र दुसरे आहे. बसचा रंग बदलण्याची आणि बाहेरून तयार केलेले वाहन गेममध्ये आणण्याची सोय कंपनीनेच दिली आहे. याच सोयीचा उपयोग करून हौशी मंडळींनी एसटीच्या गाड्या गेममध्ये आणल्या. यूट्यूबवर एसटी आणि बुसिड असे शोधले, तरी अशा व्हिडिओंची रांग लागते.

लिव्हरी म्हणजे काय?

लिव्हरी म्हणजे बसची रंगसंगती. तांत्रिकदृष्ट्या ती फक्त एक चित्र असते, पीएनजी प्रकारातली फाइल. पुठ्ठ्याचा खोका उलगडून जमिनीवर सपाट पसरला, तर त्याच्या सगळ्या बाजू एकाच वेळी दिसतात. बसच्या पुढच्या, मागच्या आणि दोन्ही कडेच्या बाजूही तशाच एका चित्रात सपाट मांडलेल्या असतात. या नमुन्याला टेम्प्लेट म्हणतात. त्यावर रंग भरला, पट्टे ओढले, नाव लिहिले की गेम ते चित्र बसभोवती गुंडाळतो.

हे काम पिक्सेललॅब, पिक्सआर्ट यांसारख्या ॲपवर होते. वाढदिवसाचे बॅनर मोबाइलवर बनवणाऱ्यांना ही ॲप ओळखीची आहेत. पहिल्या प्रयत्नात हमखास फसणाऱ्या गोष्टी दोन. एक म्हणजे खिडक्यांच्या जागेवर रंग सांडतो. दुसरी म्हणजे एका बाजूचे नाव उलटे, आरशात दिसावे तसे उमटते. पुन्हा टेम्प्लेट उघडायचे, थर वेगळे करायचे, दुरुस्त करायचे. थ्रीडी डिझाइनमध्ये ज्याला ‘टेक्श्चर मॅपिंग’ म्हणतात, त्याची तोंडओळख या खटपटीतच होते.

एसटीच्या गाड्या या छंदाला फारच सोयीच्या आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतर लाल गाडी, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेवरून नाव पडलेली ‘एशियाड’, शिवनेरी, शिवशाही, विठ्ठलाचे चित्र असलेली विठाई आणि विजेवरची शिवाई अशी रूपे येत गेली. प्रत्येकीचा रंग आणि पट्टे वेगळे. बसच्या एकाच सांगाड्यावर दोन लिव्हरी चढवल्या, की दोन वेगळ्या गाड्या तयार.

मग मॉड म्हणजे काय?

लिव्हरीने फक्त रंग बदलतो. बसचा आकार, दारे, आसने, आरसे असे सगळेच बदलायचे असेल तर मॉड लागतो. ही वाहनाची संपूर्ण थ्रीडी प्रतिकृती असते. ती ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संगणकावर तयार करतात आणि नंतर गेमला वाचता येईल अशा फाइलमध्ये बदलतात. या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘बुसिडव्हेइकल’ असे लिहिलेले असते. ती गेमच्या मॉड फोल्डरमध्ये ठेवली, की गाडी गॅरेजमध्ये दिसू लागते.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिव्हरी आणि मॉड या दोन्ही फाइल गेमच्या आत उघडतात. त्या स्वतंत्र ॲप नसतात. त्या फोनकडे एसएमएस वाचण्याची किंवा संपर्क यादी पाहण्याची परवानगी मागत नाहीत.

‘मॉड एपीके’ वेगळे कसे?

नावात ‘मॉड’ असले तरी ही गोष्ट पूर्ण वेगळी आहे. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप इन्स्टॉल करणारी फाइल. ‘मॉड एपीके’मध्ये कोणीतरी मूळ गेम उघडून त्यात फेरफार केलेला असतो आणि ‘अमर्याद पैसे’ किंवा ‘सगळ्या गाड्या खुल्या’ असे आमिष दाखवलेले असते.

प्रत्येक एपीकेवर ती बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. फाइलमध्ये जराही बदल झाला, तर मूळ कंपनीची सही टिकत नाही आणि फेरफार करणाऱ्याला स्वतःची सही करावी लागते. म्हणूनच मूळ गेम फोनमध्ये असताना मॉड एपीके त्याच्यावर बसत नाही, आधी मूळ गेम काढून टाकावा लागतो. पुढे प्ले स्टोअरवरून त्याचे अपडेटही येत नाहीत. फोन अडवतो आहे याचा अर्थ फोन बिघडला असा नाही. सही जुळत नसल्याचे तो सांगत असतो.

या फाइलमध्ये फेरफार करणाऱ्याने आणखी काय घातले आहे, हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. बीजीएमआयसारख्या ऑनलाइन गेममध्ये तर फेरफार केलेली आवृत्ती वापरल्यास खाते बंद होते.

छंद धोक्याकडे कुठे वळतो?

धोका लिव्हरीत नसतो, तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर असतो. मॉड बनवणारे अनेक जण व्हिडिओखाली लिंक देतात. ही लिंक जाहिरातींच्या दोन-तीन पानांतून फिरवते. प्रत्येक पानावर ‘डाउनलोड’ची चार बटणे असतात, त्यातले खरे एकच. चुकीचे बटण दाबले की चित्राऐवजी एपीके उतरते. ती उघडण्यासाठी फोन ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्यायचे का’ असे विचारतो. घाईत ‘हो’ म्हटले जाते.

अशा एका ‘हो’ची किंमत काय असते, हे शेजारच्या जिल्ह्यात दिसले आहे. १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. वरवर ती पीडीएफ दिसत होती, प्रत्यक्षात एपीके होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. तिथे गेमचा संबंध नव्हता. पण पत्रिकेच्या नावाने जी फाइल येऊ शकते, ती ‘एसटी मॉड’च्या नावानेही येऊ शकते.

अशी ॲप प्रामुख्याने दोन परवानग्यांच्या मागे असतात. पहिली एसएमएसची, कारण त्यातून ओटीपी मिळतो. दुसरी ॲक्सेसिबिलिटीची. ही सोय दिव्यांग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून आहे. ती मिळाली की ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. बस चालवण्याच्या गेमला यातली एकही लागत नाही.

लाँचर, विजेट आणि रूट यांचे काय?

फोनची होम स्क्रीन बदलणारे लाँचर, आयकॉन पॅक, विजेट आणि नवे कीबोर्ड प्ले स्टोअरवर मिळतात. आयआयटी मुंबईने तयार केलेला ‘स्वरचक्र’ हा मराठीसाठीचा कीबोर्ड याच प्रकारातला. नाही आवडले तर काढून टाकले, की फोन पूर्ववत.

पुढची पायरी आहे बूटलोडर उघडणे, फोन रूट करणे किंवा लिनिएजओएससारखी वेगळी प्रणाली टाकणे. जुना फोन नव्याने वापरात आणण्यासाठी हौशी लोक हे करतात. पण बूटलोडर उघडताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते आणि त्यानंतर बँकेची व यूपीआयची अनेक ॲप चालण्यास नकार देतात. त्यामुळे हा प्रयोग घरातल्या वापरात नसलेल्या जुन्या फोनवरच करावा.

गुगलचा नवा नियम काय सांगतो?

गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये एक मोठा बदल जाहीर केला. प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारे ॲपसुद्धा, त्याच्या निर्मात्याची ओळख पडताळलेली असेल तरच प्रमाणित अँड्रॉइड फोनवर सरळ इन्स्टॉल होईल, असा हा नियम आहे. जाहीर वेळापत्रकानुसार सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत, तर इतर देशांत २०२७ पासून.

या घोषणेवर हौशी मंडळींनी नाराजी व्यक्त केली. स्वतःसाठी एखादे छोटे ॲप बनवणाऱ्या विद्यार्थ्यानेही ओळखपत्र का द्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने दोन सवलती जाहीर केल्या. विद्यार्थी आणि हौशी निर्मात्यांना मोजक्या फोनपुरते वेगळे खाते मिळेल. तसेच जाणकारांना धोका समजून घेऊन पडताळणी नसलेले ॲप टाकण्याची वेगळी वाट ठेवली जाईल.

हा नियम ॲपसाठी आहे. पीएनजी लिव्हरी किंवा वाहनाचा मॉड हे ॲप नसल्यामुळे त्यांना तो लागू होत नाही.

फाइल उघडण्यापूर्वी काय पाहावे?

• नावाचा शेवट पाहा. लिव्हरी असेल तर शेवटी ‘पीएनजी’, मॉड असेल तर ‘बुसिडव्हेइकल’. शेवटी ‘एपीके’ दिसले तर ते ॲप आहे; ‘पीएनजी’नंतर ‘एपीके’ असेल, तरीही ॲपच. नाव लांब असेल तर फाइलच्या तपशिलात जाऊन पूर्ण वाचा.

• गेम नेहमी प्ले स्टोअरवरूनच घ्या. बाहेरून फक्त लिव्हरी आणि मॉड घ्या.

• सेटिंगमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ते तपासा. व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या तिन्हींची ती बंद ठेवा.

• प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारा व्हिडिओ तिथेच थांबवा.

• संशयास्पद ॲप इन्स्टॉल झालेच, तर लगेच मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर वेळ न दवडता तक्रार करा.

पालकांसाठी एक सूचना. मुलाने बसला रंग दिला म्हणून फोन हिसकावून घेण्याची गरज नाही. त्याच्याशेजारी बसून ‘ही फाइल कुठून आणलीस आणि तिच्या नावाच्या शेवटी काय लिहिले आहे?’ एवढे विचारा. उत्तर ‘पीएनजी’ असेल, तर ‘गंगाखेड–परभणी’ गाडी निघू द्या.