चार मिलिमीटरचा प्रश्न

मानखुर्द स्टेशनबाहेर भाजी घेतली, सुटे पैसे हातात आले. दिसत नसेल तर शंभराची कोणती आणि दोनशेची कोणती? नव्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. गर्दीत, मागचा माणूस घाई करत असताना, चार मिलिमीटर बोटांनी मोजायचे!

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ हे मोफत ॲप आणले ते यासाठीच. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ॲप तिची किंमत बोलून सांगते. ऐकू न येणाऱ्यांसाठी कंपनाचीही सोय आहे. इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

पण गुळगुळीत काचेवर ॲप सापडते कसे? अँड्रॉइडमधल्या ‘टॉकबॅक’मुळे. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली काय आहे ते फोन बोलतो. दोनदा टकटक केली की ते उघडते. फोन मुख्यतः चित्र पाहून नव्हे, ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला दिलेले नाव वाचून बोलतो. नाव दिलेच नसेल तर अनेकदा कानावर पडते नुसते ‘बटण’. पैसे पाठवायचे की रद्द करायचे, कळणार कसे? हे नाव लिहायला प्रोग्रामरला जेमतेम मिनिट लागते, म्हणूनच ते नसल्याचा राग येतो.

फोनचे बोलणे इअरफोनवर ऐकायचे, पण लोकलची वाट पाहताना तो एकाच कानात असलेला बरा. दुसरा कान फलाटासाठी: उद्घोषणा, गाडीची धडधड, डब्यातून उतरणारी पावले.