चौकोनांतून साकारणारे जीव
(व्हिडिओ गेममधील प्राणी कसे घडवतात?)

व्हिडिओ गेम म्हटले की घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. मुलांचे डोळे चमकतात आणि पालकांच्या कपाळावर आठी पडते. अभ्यासाचा वेळ वाया जातो, ही पालकांची तक्रार खोटी नाही. परंतु मुले जो खेळ तासन् तास पाहतात तो कोणीतरी घडवलेला असतो, त्यातील प्रत्येक प्राणी कोणीतरी विचारपूर्वक रेखाटलेला असतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. खेळ खेळणे आणि खेळ घडवणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कापण्याची पहिली पायरी महागड्या यंत्राची नसून चौकोनांच्या वहीची आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

पिक्सेल म्हणजे काय?

दूरदर्शन संचाचा, संगणकाचा किंवा मोबाईलचा पडदा असंख्य बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो. अशा एका ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. ठिपके पुष्कळ व बारीक असले की चित्र छायाचित्रासारखे दिसते. ते मोजके व मोठे असले की चित्राच्या कडांना पायऱ्या दिसू लागतात. एकेक चौकोन मोजून, मोजक्या चौकोनांत काढलेल्या चित्रास पिक्सेल आर्ट असे म्हणतात.

हे तत्त्व आपल्या माता-भगिनींना नवे नाही. दोसुती कापडावर फुलीच्या टाक्याने पोपट भरताना त्या घरे मोजूनच भरतात. पैठणीच्या पदरावर मोर विणणारा विणकरही धागे मोजतो. तेथे वळणदार रेष मिळत नाही. घरे मोजून वळणाचा भास निर्माण करावा लागतो. नेमके हेच काम पिक्सेलचा चित्रकार करतो.

संगणकाला चित्र समजत नाही, त्याला आकडे समजतात. भरलेले घर म्हणजे १ आणि रिकामे घर म्हणजे ०. अशा आठ घरांची एक ओळ म्हणजे एक बाइट. आठ ओळींचे, म्हणजे ६४ घरांचे एकरंगी चित्र अवघ्या ८ बाइटमध्ये मावते. जुन्या यंत्रांची स्मरणशक्ती फार थोडी असे, म्हणून प्रत्येक बाइट जपून वापरावा लागे.

समुद्रातून आलेले शत्रू

इ. स. १९७८ मध्ये जपानमधील तायतो या कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आणला. त्याचे निर्माते तोमोहिरो निशिकादो. खेळ नेमबाजीचा होता, तेव्हा नेम कोणावर धरायचा हा प्रश्न होता. माणसांवर गोळ्या झाडणे योग्य नाही असे ठरल्यामुळे त्यांनी परग्रहावरील जीव निवडले. मात्र परग्रहावरचा जीव कोणी पाहिला आहे? त्यासाठी त्यांनी समुद्राकडे धाव घेतली. अष्टपाद, माखूळ आणि खेकडा या तिघांवरून त्यांनी आपले शत्रू बेतले. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीतील अष्टपादासारखे मंगळवासी त्यांच्या मनात होते.

हे जीव केवळ आठ घरे उंच होते. माखूळ ८ घरे रुंद, खेकडा ११ घरे आणि अष्टपाद १२ घरे. प्रत्येकाची चित्रे दोनच: एकात पाय वा हात एका स्थितीत, दुसऱ्यात दुसऱ्या स्थितीत. ती आलटून पालटून दाखवली की जीव चालू लागे. ११ जणांच्या ५ रांगा, असे एकूण ५५ जीव पडद्यावर उतरत. यंत्र एका वेळी एकच जीव पुढे सरकवू शके. त्यामुळे जीव कमी होत तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते वेगाने धावू लागत. यंत्राची ही उणीव निशिकादो यांनी तशीच ठेवली, आणि खेळातील थरार त्यातूनच वाढला.

उणिवेला गुणात बदलण्याचे दुसरे उदाहरण १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळातील मारिओचे. तो प्राणी नसला तरी त्याचा धडा महत्त्वाचा आहे. एवढ्या थोड्या घरांत तोंड दिसेना, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी त्याला मोठे नाक व मिशी दिली. केस हलताना दाखवणे कठीण, म्हणून टोपी घातली. हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून अंगात दोन रंगांचे कपडे आले. जगभर ओळखला जाणारा हा चेहरा अशा प्रकारे अडचणींनी घडवला आहे.

दीडशे आणि एक

प्राण्यांच्या रेखाटनाचा खरा कस १९९६ मध्ये जपानात निघालेल्या ‘पोकेमॉन’ या खेळात लागला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. १९८३ मध्ये त्यांनी खेळांविषयी ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित सुरू केले. केन सुगिमोरी त्यासाठी चित्रे काढू लागले. पुढे त्या हस्तलिखिताचीच कंपनी झाली.

हा खेळ ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी होता. त्याचा पडदा १६० × १४४ पिक्सेलांचा आणि छटा फक्त चार, त्याही हिरवट-करड्या. समोरून दिसणाऱ्या प्राण्याला जास्तीत जास्त ५६ × ५६ घरे मिळत. पाठमोऱ्या प्राण्याचे चित्र ३२ × ३२ घरांत काढून ते दुप्पट मोठे करून दाखवीत. चार छटांमुळे एका घराला दोन अंक लागतात. म्हणजे ५६ × ५६ च्या एका चित्राला ७८४ बाइट हवेत. असे १५१ प्राणी! म्हणून चित्रे दाबून, संकुचित करून साठवावी लागली. यातील शेवटचा ‘म्यू’ हा प्राणी तर काम संपल्यावर आला. चुका शोधण्याचे साधन खेळातून काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट जागा उरली, तेवढ्यात शिगेकी मोरिमोतो यांनी त्याला बसवला.

सर्वांत लोकप्रिय ठरलेला पिकाचू हा अत्सुको निशिदा या चित्रकर्तीच्या कल्पनेतून आला. दाईफुकू नावाचा तांदळाच्या पिठाचा एक मऊ गोड पदार्थ जपानात करतात. तो उभट करून त्याला कान फुटावेत, असे त्याचे पहिले रूप होते. खार जशी गालांत खाद्य साठवते तशी याने गालांत वीज साठवावी, हेही त्यांनाच सुचले. पिकाचू पिवळा आहे हे आज लहान मूलही सांगेल. परंतु त्या पहिल्या खेळाच्या पडद्यावर पिवळा रंग नव्हताच. लोकांनी त्याला ओळखले ते टोकदार कानांवरून, गालांच्या ठिपक्यांवरून व विजेच्या आकाराच्या शेपटीवरून. प्राण्याची ओळख प्रथम त्याच्या बाह्याकृतीत असते, रंग नंतर येतो, हा यातील बोध होय.

आपण एक खेकडा काढू

आता प्रत्यक्ष कृती पाहू. विद्यार्थी मित्रांनी गणिताची चौकोनी वही घ्यावी आणि आठ बाय आठ घरांची चौकट आखावी. जेथे १ आहे ते घर पेन्सिलीने भरावे, ० असेल ते कोरे ठेवावे.

पहिली ओळ : १०००००० १
दुसरी ओळ : १०१००१० १
तिसरी ओळ : ११११११११
चौथी ओळ : ०११११११०
पाचवी ओळ : ०११११११०
सहावी ओळ : ००११११००
सातवी ओळ : ०१००००१०
आठवी ओळ : १०००००० १

(पहिल्या, दुसऱ्या व आठव्या ओळीत शेवटचा १ हा आठव्या घरातील समजावा.)

वही हातभर लांब धरून पाहावी. वर उचललेल्या नांग्या, मध्ये दोन डोळे, खाली फाकलेले पाय दिसतील. ६४ पैकी केवळ ३४ घरे भरली आहेत. डावी व उजवी बाजू सारखी असल्याने प्रत्यक्षात अर्धेच चित्र ठरवावे लागले. आता शेजारी तोच खेकडा पुन्हा काढावा, फक्त सातवी ओळ ००१००१०० आणि आठवी ०१००००१० अशी करावी. पाय आत आले. ही दोन चित्रे एकामागून एक पाहिली की खेकडा चालतो.

त्यानंतर एक प्रयोग करावा. दुसऱ्या ओळीतील डोळ्यांची दोन घरे पुसावीत. खेकडा एकदम निर्जीव वस्तूसारखा भासू लागेल. ६४ घरांत दोन घरांची किंमत एवढी असते. म्हणून काय काढावे यापेक्षा काय गाळावे, हा निर्णय या कलेत अधिक मोलाचा आहे. खेकड्याला दहा पाय असतात हे खरे. येथे आपण फार तर चार दाखवले, पण नांग्या सोडल्या नाहीत. नांग्या सोडल्या असत्या तर तो कोळी झाला असता.

ध्यानात ठेवण्याच्या काही गोष्टी

१) प्रथम संपूर्ण प्राणी एकाच काळ्या रंगाने भरावा. नुसत्या सावलीवरून तो ओळखता आला तरच पुढे जावे.

२) वळण काढताना पायऱ्यांची लांबी क्रमाने बदलावी. ४, २, १, १ अशी घरे घेतली तर रेष गोलसर दिसते. ४, १, ३, १ अशी घेतली तर ती खडबडीत होते.

३) रंग थोडे घ्यावेत. अंगाचा एक, उजेडाचा एक, सावलीचा एक आणि कडेचा एक, एवढे आरंभी पुरे. उजेड कोणत्या दिशेने येतो हे आधी ठरवून सर्व प्राण्यांना तोच नियम लावावा.

४) प्राण्याचा स्वभाव ठरवावा. गोल आकार गरीब वाटतो, टोकदार आकार उग्र वाटतो. खेळणाऱ्याला शत्रू व मित्र क्षणात ओळखता यायला हवेत.

५) दुसऱ्याने घडवलेला प्राणी सरावासाठी अभ्यासावा, पण आपला म्हणून देऊ नये. त्यावर निर्मात्याचा कायदेशीर हक्क असतो.

आज या कलेला स्थान आहे काय?

आज साध्या मोबाईलची स्मरणशक्तीही त्या जुन्या यंत्रांहून कित्येक पटींनी मोठी आहे. तरीही पिक्सेल आर्ट टिकून आहे, कारण थोड्या साधनांत एकटा माणूसही पूर्ण खेळ उभा करू शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरील खेळ अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे खपून तयार केला. त्यातील गाई, कोंबड्या, संगीत आणि संगणकाची आज्ञावली, सारे त्यांनी एकट्याने केले. अशी वर्षे द्यावी लागतात, हेही पालकांनी व विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. चार चित्रे काढली म्हणून लगेच नोकरी मिळत नाही. मात्र शिकण्यासाठी मोठी फी भरावीच लागते, हा समजही चुकीचा आहे. वहीवर हात बसल्यानंतर ‘लिब्रेस्प्राइट’ किंवा ‘जिम्प’ यांसारखी विनामूल्य साधने कोणत्याही साध्या संगणकावर चालतात. शाळेत, वाचनालयात किंवा मित्राकडे आठवड्यातून एक तास संगणक मिळाला तरी वहीतील चित्र त्यावर उतरवता येते.

निशिकादो यांनी खेकड्याकडे पाहिले, ताजिरी यांनी किड्यांकडे, निशिदा यांनी खारीकडे. आपल्या भोवती काय कमी आहे? पावसाळ्यात भिंतीवर चढणारी गोगलगाय, कुंपणावर मान हलवणारा सरडा, माळावर ओरडणारी टिटवी, भीमाशंकरच्या झाडांवर उड्या मारणारे शेकरू! यांपैकी एकाची निवड करून विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे दहा मिनिटे नीट पाहावे आणि १६ × १६ घरांत तो बसवावा. पहिला जमणार नाही, दहावा जमेल. पालकांनीही वहीत भरलेले चौकोन दिसले तर तो वेळेचा अपव्यय समजू नये. जवळ बसून एकच प्रश्न विचारावा, “हा कोण आहे ते ओळखू का?” ओळखता आला, तर मुलाचे पहिले काम यशस्वी झाले असे समजावे.