आधी पोलिसांची अंगझडती

छापा म्हटलं की बंदुका, लाथेने उघडलेलं दार आणि आरडाओरडा एवढंच डोळ्यांसमोर येतं. बोर्ली पंचतनच्या बाजारापासून जवळच एका घराच्या झडतीला मी पंच म्हणून उभा होतो, तिथे वेगळंच पाहिलं. चोरीच्या मालाचा संशय होता. फौजदारांनी कडी वाजवली, कशासाठी आलो ते सांगितलं, बायकामाणसांना बाहेर यायला वेळ दिला. मग उंबरठ्याबाहेरच स्वतःचे खिसे उलटे केले. रुमाल, पाकीट, मोबाइल, गाडीची किल्ली, पेन. मागोमाग दोन्ही हवालदारांनीही. "बघून घ्या काका, आम्ही काही आणून ठेवलं असं नंतर वाटायला नको." घरमालकाचे हात तोवर थरथरत होते. खिसे पाहिल्यावर ते ओटीवर टेकले आणि त्यांनी सुनेला माळ्याची शिडी आणायला सांगितलं.

पोलिसांच्या या अंगझडतीची नोंद पंचनाम्यात आधी झाली. मग तांदळाचे डबे, कपाट, माळ्यावरची पातेली, पडवीतलं जाळं, सगळं खालीवर झालं. काही मिळून आलं नाही. तसंच लिहिलं गेलं आणि आम्ही सह्या केल्या.

झडतीला परिसरातले दोन पंच हवेत, हा नियम जुनाच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं. पण रात्री दार फोडून हत्यारबंद पथक आत घुसलं, तर पंच कुठे उभे राहणार आणि खिसे कोण दाखवणार? 13 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात मध्यरात्रीनंतर पोलिसांनी अमली पदार्थांच्या संशयावरून एक दार फोडलं. घरफोडे आले असं वाटून आतल्या तरुणाने एक गोळी झाडली. पोलिसांच्या उलट गोळीबारात 26 वर्षांची ब्रिओना टेलर गेली. घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. पुढे त्या शहराने न ठोठावता घुसण्याचे वॉरंट बंद केले.

कमांडो नकोत असं मी म्हणत नाही. 26/11 नंतर राज्याने फोर्स वन उभं केलं, ते गरजेचंच होतं. समोरून गोळ्या येत असतील तिथे दुसरं कोण जाणार? पण एरवीच्या संशयावर तेच हत्यार काढलं, तर गावाचं तोंड बंद होतं. आमच्या किनाऱ्याला हे परवडणारं नाही.

जानेवारी 1993 मध्ये दिघीला उतरलेला चोरटा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनीच अडवला होता. पैशांचं ठरलं आणि गाड्या पुढे गेल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. 12 मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसं गेली. गाड्या सोडणाऱ्या पोलिसांना पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या फाट्यावर बंदुका कमी पडल्या नव्हत्या. ताडपत्री उचलून पाहणारा प्रामाणिक शिपाई हवा होता.

18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्यालगत तीन एके-47 असलेली बेवारस बोट आली. ती आधी दिसली स्थानिक लोकांना, आणि त्यांनीच पोलिसांना कळवलं. बोट इंजिन बंद पडून ओमानच्या बाजूने वाहत आल्याचं नंतर स्पष्ट झालं. जिल्ह्यात नाकाबंदी लागली, आणि ती योग्यच होती. पण उद्या खरोखर काही घेऊन कोणी आलं, तर तेही आधी कोळ्यांनाच दिसणार आहे. पोलिसांची धास्ती घेतलेला माणूस फोन करत नाही.

म्हणून हत्यारबंद पथक घरावर न्यायचं असेल, तर का न्यायचं हे वरिष्ठांनी आधी लेखी द्यावं आणि ते न्यायालयापुढे ठेवावं. आणि आपण गावकऱ्यांनी पंच म्हणून बोलावणं आलं तर टाळू नये. जावं, पोलिसांची अंगझडती आधी मागावी, आणि पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये.