पेडल स्टीलच्या तारा: ऐकीव आणि खरं

व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या फिल्मी धुनांमुळे मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आपल्याला ओळखीची आहे. त्यामुळे नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातली पेडल स्टील म्हणजे तीच गिटार, फक्त चार पाय आणि पेडल लावलेली, असं वाटणं साहजिक आहे. तारा घ्यायची वेळ आली की मात्र हा समज महागात पडतो.

"गिटारच्या तारांचा कुठलाही सेट चालेल."
नाही चालणार. नॅशव्हिलच्या ई-नाइन मेळात तारा १०, आणि त्यांचा क्रमही चढता-उतरता सरळ नाही. वादकापासून सर्वांत लांबची पहिली तार एफ शार्प, साधारण ०.०१३ इंचाची, दुसरी डी शार्प, ०.०१५ची; आणि सर्वांत बारीक, ०.०११ची, ती तिसरी, जी शार्प. नेहमीच्या सहा तारांच्या पाकिटातून हे जुळवता येत नाही. पाकिटावर ई-नाइन लिहिलेलं हवं. सी-सिक्स या दुसऱ्या मेळाचा सेट वेगळा, त्यातली खालची तार तर ०.०७०च्या आसपास जाते.

"नवशिक्याने पातळ तारा घ्याव्यात, बोटं दुखत नाहीत."
इथे बोटाने तार दाबायचीच नसते. वरून पोलादी बार फिरतो. तारेची जाडी ठरते ती सुरावर आणि यंत्रणेवर. पेडल दाबल्यावर तार किती ओढली जावी, हे लावलेल्या जाडीनुसार जुळवलेलं असतं. जाडी बदलली की ती ओढ पुन्हा जुळवत बसा. शिकायच्या पहिल्या वर्षात हा उद्योग कशाला?

"तिसरी तार सारखी तुटते, म्हणजे जाड तार लावावी."
पटण्यासारखा वाटतो, पण सगळ्यात चुकीचा सल्ला हाच. बी नावाचं पेडल ही तार जी शार्पवरून ए सुरावर, म्हणजे ४४० हर्ट्झवर नेतं. सव्वाचोवीस इंच लांबीच्या ०.०११च्या तारेवर तेव्हा सुमारे १४ किलोचा ताण असतो, आणि पोलाद तुटण्याच्या हद्दीजवळ पोचलेलं असतं. ०.०१२ लावली तर तार साधारण १९ टक्के जास्त ताण सोसते खरी, पण तोच सूर गाठायला ताणही तितकाच जास्त द्यावा लागतो. हिशेब जिथल्या तिथे. उलट जाड तार वाकायला जास्त कुरकुरते, आणि तार तुटते ती बहुधा वाकते तिथेच. चेंजरच्या, म्हणजे पेडलसरशी तार ओढणाऱ्या भागाच्या, गोल माथ्यावर, प्रत्येक पेडलसरशी त्याच जागी ती वाकत-सरळ होत असते. तुटलेलं टोक कुठलं ते बघा. तार तिथेच जात असेल तर माथ्यावर बोट फिरवा. खाच लागली तर अगदी बारीक पॉलिश पेपरने ती घालवा. खाच नसेल, तर तार फक्त जुनी झाली आहे.

"सहावी तार प्लेन की वाउंड, हा निव्वळ आवाजाच्या आवडीचा प्रश्न."
आवाजात फरक आहेच, पण खरा फरक पायाखाली कळतो. वाउंड, म्हणजे वरून दुसरी तार गुंडाळलेल्या, तारेचा आतला गाभा बारीक असतो, त्यामुळे सूर तितकाच बदलायला ती जास्त ओढावी किंवा ढिली करावी लागते. ही तार गुडघ्याने ढकलायच्या लीव्हरने पूर्ण एक स्वर उतरवायची असेल, तर ०.०२२च्या वाउंडवर काही गिटारींची यंत्रणा तेवढी पोचतच नाही. ०.०२०ची प्लेन तार तिथे सहज जमते. गिटार घेतली तेव्हा जी होती तीच जात लावावी, असं माझं मत.

"स्टेनलेस स्टील म्हणजे व्यावसायिकांचं, निकेल म्हणजे शिकाऊंचं."
काहीतरीच. स्टेनलेस जरा चकचकीत वाजते, जास्त टिकते, पण बार घासल्याचा आवाज अधिक येतो. निकेल मऊ वाजते. दोन्हींवर कसलेले वादक वाजवतात.

सेट घेताना तिसऱ्या तारा तेवढ्या सुट्या चार-पाच जास्त घ्या. बाकीच्या नऊ इतक्या लवकर तुटत नाहीत.