मनगटावरचा निशिगंध

परवा लंडनमधल्या एका दुकानात ‘कार्नल फ्लॉवर’ मनगटावर लावून पाहिला. फ्रेडेरिक माल यांच्यासाठी दोमिनिक रोपियों यांनी २००५ साली रचलेला हा निशिगंधाचा परफ्यूम. पण पहिला वास आला तो निलगिरीचा, कापरासारखा! मी नाक मुरडून निघालो.

त्वचेच्या उबेने हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू मागे रेंगाळतात. अर्ध्या तासाने, ट्रेनमध्ये, खरा निशिगंध उमलला. सोबत नारळाचा स्निग्धपणा. आई दिवेलागणीला तांब्यात निशिगंधाच्या दांड्या ठेवायची, तोच हा वास. आईला जाऊन सहा वर्षे झाली. रात्री मनगटावर उरली ती नुसती कस्तुरीची ऊब.

म्हणून सांगतो, परफ्यूमची पारख दुकानात करू नका. लावा, घरी या आणि वाट पाहा.