नगरची दोन व्याख्याने आणि वकिलाचे कर्तव्य

लोकमान्य टिळकांनी 31 मे व 1 जून 1916 रोजी अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, स्वराज्यावर जी दोन व्याख्याने दिली, ती व त्यांच्या आधीचे बेळगावचे व्याख्यान राजद्रोही ठरवून सरकारने त्यांच्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 108 अन्वये कारवाई आरंभिली. आणि पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटांनी एक वर्षाच्या सद्वर्तनाबद्दल 20,000 रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी 10,000 रुपयांचे दोन जामीनदार देण्याचा हुकूम फर्मावला. टिळकांची बाजू बॅ. जीना यांनी मांडली. नोकरशाहीवरील टीका म्हणजे कायद्याने प्रस्थापित सरकारचा द्वेष नव्हे, हे दाखवावयाचे तर तिन्ही व्याख्याने अथपासून इतिपर्यंत वाचणे अपरिहार्य होते. आणि तुटक उताऱ्यांवर न विसंबता समग्र भाषणाचा परिणाम पाहूनच मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी 9 नोव्हेंबर 1916 रोजी तो हुकूम रद्द केला.

या यशात वक्तृत्वाचा वाटा असेलच. परंतु दप्तरातील प्रत्येक कागद वाचण्याची जी तत्परता, ती मला त्याहून मोलाची वाटते, कारण पाथर्डी किंवा पारनेरहून बांधाचा कज्जा घेऊन येणाऱ्या अशिलाला फर्डे भाषण नको असते. आपला सातबारा वकिलाने वाचलेला असावा आणि पुकारा होताच तो हजर असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. एकदा स्वीकारलेले काम पुरेशा कारणावाचून व वाजवी सूचना दिल्यावाचून सोडू नये, हा बार कौन्सिलचा नियमच आहे. आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम 35 सनद रद्द होण्यापर्यंतची शिक्षा सांगते.

वकिलाच्या गैरहजेरीचे प्रायश्चित्त निरपराध पक्षकाराने भोगू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले खरे. तथापि प्रत्येक विलंब माफ होतोच असे नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाच्याच 14 मे 2024 च्या निकालाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली असल्याने, वकिलांनी हे कर्तव्य स्वतःहून अधिक कसोशीने पाळले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पक्षकारांनीही दिवाणी दाव्याचा निकाल लागताच नकलेसाठी अर्ज करावा: अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात 30 दिवस व उच्च न्यायालयात 90 दिवस असते, आणि नक्कल मिळण्यास लागणारा आवश्यक काळ तीतून वगळला जातो.