जवळून टिपलेला दागिना

सराफी पेढीवर पूर्वी दागिना गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवला जाई. वजनाचा अंदाज हाताला येई, घडण डोळ्यांना कळे आणि शंका आलीच तर भिंग जवळ असे. आज तोच दागिना परगावच्या गिऱ्हाइकाला प्रथम मोबाइलच्या पडद्यावर भेटतो. तळहाताचे आणि भिंगाचे काम आता छायाचित्राला करावे लागते. लहान वस्तूच्या बाबतीत ते सोपे नाही.

एक कॅरट, म्हणजे ०.२ ग्रॅम वजनाचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. मॅक्रो लेन्स अशी वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उतरवू शकते. मात्र जितके जवळ जावे, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. अंगठीचा खडा रेखीव येतो आणि खालचे कोंदण धूसर राहते. लेन्सचे छिद्र लहान केल्यास हा थर वाढतो. ते फारच लहान केले, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सारे चित्र मऊ पडते. म्हणून जाणकार कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवतात, फोकस तिळातिळाने सरकवत दहा-वीस चित्रे घेतात आणि त्यांतील स्पष्ट भाग संगणकावर जोडतात. बटणही बोटाने दाबत नाहीत, टायमर लावतात. एवढ्या जवळून बोटाचा धक्कासुद्धा भूकंपासारखा असतो.

सोन्याचे दुखणे निराळे. चकाकी दिलेले सोने आरसाच. समोरच्या माणसाचा सदरासुद्धा त्यात उमटतो. दिवा आणि दागिना यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर धरला, की प्रकाश पसरतो आणि नक्षी दिसू लागते. हिऱ्याला मात्र नुसता असा मऊ प्रकाश दिला, तर तो काचेसारखा निस्तेज भासतो. त्याच्या पैलूंना जाग आणण्यासाठी एक लहान, प्रखर दिवाही लागतो.

येथवर कौशल्य. पुढचा प्रश्न सचोटीचा आहे. पडद्यावर तीन इंचांची दिसणारी कुडी प्रत्यक्षात नखाएवढी असते. पिवळ्या दिव्याखाली १८ कॅरटचे सोने २२ कॅरटचे वाटते. निळी छटा किंचित वाढवली, की पिवळसर हिरा शुभ्र दिसतो, आणि ओरखडा पुसणे तर क्षणाचे काम. कमी-अधिक मापे ठेवणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला गेला आहे. मापाविना दाखवलेले भव्य चित्र त्याच जातीचे नव्हे काय?

उपाय मात्र साधे आहेत. एका चित्रात दागिन्याशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी, दुसरे हातात किंवा कानात घातलेले घ्यावे. रंग खरा यावा म्हणून सगळे दिवे एकाच जातीचे असावेत. मागची बाजू लपवू नये. जुन्या दागिन्याचा डाख आणि झीज तेथेच दिसते. परत येणाऱ्या पार्सलपेक्षा असे एक चित्र खचितच स्वस्त पडते.

आणखी एक चित्र हवे, ते हॉलमार्कचे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. नुसत्या डोळ्यांना तो धड वाचता येत नाही. दिवा तिरपा ठेवला, तर कोरलेली अक्षरे उठून दिसतात. ती स्पष्ट आली, की गिऱ्हाईक घरबसल्या तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये घालून पडताळू शकते.